वुलकाराच्या तलावातली वाळू

वुलकारा
१९ सप्टेंबर १९९३

प्रिय डोरीन,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझं पत्र जुलैत, भर थंडीत आलं आणि आता बाभळी पिवळ्या फुलून झडायलाही लागल्या. रोज जेवण झालं की कागद घेऊन बसतो. 'हो' लिहायचं की 'बघू' लिहायचं, तिथेच अडतो आणि कागद परत खणात ठेवतो.

तू लिहिलंस की भाडेकरू गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे, समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे, आणि बहिणीच्या नवऱ्याला 'इथे राहायला ये' एवढं तरी म्हणायचा तुला हक्क आहे. डोरीन, मला यायचं आहे. हे एकदा स्वच्छ लिहून टाकतो म्हणजे मलाच पुन्हा फिरता येणार नाही. गेल्या जानेवारीत, भर उन्हाळ्यात, पंपाच्या खोलीत चक्कर येऊन पडलो होतो, हे तुला कळवलं नव्हतं. कोणी येईपर्यंत तसाच सिमेंटवर पडून होतो, आणि डोक्यावर पत्रा नुसता तापत होता. थेल असती तर तिने शोधलं असतं. हा उन्हाळा इथे एकट्याने काढायची मला भीती वाटते. बस्स, एवढंच आहे.

पण तलाव आहे ना. तुला आमच्या गावची रीत माहीत आहे. पोहण्याच्या तलावाच्या वार्षिक सभेला जो हजर नसतो, त्याच्याच गळ्यात काम पडतं. थेलला मी इस्पितळात घेऊन गेलो होतो, त्या वर्षी मी राखणदार झालो. परत आलो तर दाराला किल्ली लटकवलेली आणि शेजारी केकचं ताट. तेव्हापासून एकही सभा चुकवली नाही, पण समोरासमोर नाही म्हणायचं धाडस होत नाही. राहायला हे नगरपालिकेचं घर त्यांनीच मिळवून दिलंय. थेलच्या आजारपणात या लोकांनी आळीपाळीने जेवण आणून दिलं. त्यांच्या पोरांचा उन्हाळा माझ्यामुळे बुडाला, असं कोणी म्हणायला नको.

यंदा सभेत उठून सांगणार आहे. मात्र त्याआधी फिल्टर ठीक करून द्यायला हवा. मोडका फिल्टर टाकून पळाला, हे बोलणं मी ऐकून घेणार नाही. झालंय असं, की तलावात वाळू येते. पाणी जिथून परत तलावात पडतं, तिथे तळाला वाळूचे छोटे ढीग साचतात. मी झाडून काढतो, सकाळी पुन्हा ढीग तयार. गेल्या वर्षी मर्व्ह शुल्झने त्याच्या ओढ्यातली वाळू फुकट आणून दिली. मर्व्ह आमच्या समितीचा अध्यक्ष, शिवाय गावचा रस्ता तोच स्वतःच्या ट्रॅक्टरने सपाट करतो, त्याला नको कोण म्हणणार? त्याने ट्रॅक्टरच्या फावड्याने सगळी वाळू एका दमात फिल्टरच्या टाकीत ओतली. तेव्हाच आतून काहीतरी कडकन वाजल्यासारखं मला वाटलं होतं. मी काही बोललो नाही.

तू इतकी वर्षं तलावाच्या सामानाच्या दुकानात काढलीस, अजूनही शनिवारी काउंटरवर उभी राहतेस. कोणता भाग मागवायचा ते सांग. मी शाळेत फार गेलो नाही, दुकानाच्या जाडजूड पुस्तकातली चित्रं बघून मला सगळंच सारखं दिसतं.

तुझा
विल्फ


सेमाफोर, ॲडलेड
२८ सप्टेंबर

प्रिय विल्फ,

चक्कर येऊन पडलास आणि नऊ महिन्यांनी कळवतोस. तू आणि थेल, दोघं अगदी एका साच्यातले. तिनेही आजार लपवला तो असाच.

आता वाळूचं. मर्व्हला माझ्यातर्फे सांग की तो मूर्ख आहे. (सांगणार नाहीस, ठाऊक आहे मला.) टाकीच्या तळाशी बोटांसारख्या पसरलेल्या, बारीक फटींच्या नळ्या असतात. वाळू वर अडते, पाणी त्या फटींतून खाली जातं. वाळू भरताना आधी टाकी पाण्याने अर्धी भरायची आणि हळूहळू ओतायची, म्हणजे नळ्यांवर मार बसत नाही. कोरडी वाळू धाडकन टाकली की नळ्या मोडतात. तुझ्या तलावात येते ती वाळू तिथूनच.

पण अंदाजाने काही मागवू नकोस. तुमच्या टाकीसारख्या टाक्या दोन तऱ्हेच्या आल्या होत्या. बाहेरून जुळ्या बहिणी, आतून वेगळ्या. जुन्या टाकीच्या नळ्या आट्यांवर फिरवून बसतात, नंतरच्या टाकीच्या खटक्याने बसतात. एकीच्या दुसरीला लागत नाहीत, आणि आमचं दुकान प्लास्टिकचे सुटे भाग परत घेत नाही. टाकीच्या अंगावर धातूची पट्टी असेल, तिच्यावरचा नंबर उतरवून पाठव.

आणि ऐक, करायचंच तर नीट कर. सगळ्या नळ्या बदल, मधला उभा नळ बदल, मर्व्हची वाळू काढून फिल्टरची खरी वाळू घाल, वरचा व्हॉल्व्हही बदलून टाक. ठिगळं लावू नकोस. घाई कशाला? तलाव काही पळून जात नाही.

खोलीत जरा रंगकाम चालू आहे. सामान इकडेतिकडे पसरलंय. होईल.

ऊन लागू देऊ नकोस. टोपी घाल.

डोरीन


वुलकारा
६ ऑक्टोबर

प्रिय डोरीन,

माझ्यासाठी रंग काढू नकोस गं. आहे तशी खोली चालली असती. निदान भडक काही लावू नकोस. पण खरं सांगतो, वाचून बरं वाटलं. आपल्यासाठी कोणीतरी कुठेतरी भिंत रंगवतंय, ही गोष्ट दोन दिवस मनात धरून हिंडलो. नोलीनलासुद्धा सांगून टाकणार होतो. ती समितीची चिटणीस, टपाल तिच्याच दुकानात येतं. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. आधी सभेत सांगायला हवं.

पट्टीचा नंबर मात्र मिळेना. आमच्याकडे हंगामाआधी कामाचा रविवार असतो. सगळं गाव फावडी-ब्रश घेऊन येतं, कोणाकडे उरलेला रंग असेल तो आणतं, आणि जे जे उभं दिसेल त्याला फासतं. माझी टाकी प्रत्येक वर्षी उभीच असते. मी सुरी घेऊन पट्टी खरवडायला बसलो. वर हिरवा, तो ट्रॅक्टरवाल्याचा. त्याखाली पिवळा, रस्त्याच्या यंत्रांचा. मग फुटबॉल संघाचा निळा, मग चर्चच्या दारांचा तपकिरी. खरवडता खरवडता अक्षरांच्या कडाही सुरीबरोबर निघून गेल्या. राहिलं ते एवढंच: सुरुवातीचं एक अक्षर, ते B असेल किंवा R, आणि शेवटचा एक आकडा, तो ६ किंवा ८. माझ्या डोळ्यांचाही भरवसा नाही. पुन्हा खरवडायला जीव धजत नाही. आहे तेही जायचं.

मर्व्ह आला होता. त्याने विचारलं, काय करतोस? मी म्हणालो, जुना रंग काढतोय. तो म्हणाला, असू दे, मी कामाच्या रविवारी नवा मारतो.

तलावाच्या तळात मला एक तुटका तुकडा सापडला. पांढरं प्लास्टिक, त्याला केसासारख्या बारीक फटी. तंबाखूच्या डब्यात कापसात गुंडाळून सोबत पाठवतोय. हे तूच ओळख. चुकीच्या नळ्या आल्या तर मी इथेच राहिलो म्हणून समज. रात्री झोप लागत नाही. सगळं आयुष्य एका B आणि R मध्ये अडकल्यासारखं वाटतं.

तुझा
विल्फ


सेमाफोर
१२ ऑक्टोबर

प्रिय विल्फ,

डबा मिळाला. पोस्टमन म्हणाला, बाई, तुम्ही तंबाखू कधीपासून सुरू केलीत. मी म्हटलं, नवरा गेल्यापासून.

तुकडा खटक्याच्या जातीचा आहे. बुडाशी खटक्यात अडकणारा अर्धा कान शिल्लक आहे, तो आट्यांच्या नळीला नसतो. म्हणजे नंतरची टाकी. तुझ्या B आणि R ला विसरून जा आणि झोप.

आता दुसरी अडचण. टाक्या दोन मापांच्या आल्या, लहानीत नळ्या कमी, मोठीत जास्त, आणि लांबीही निराळी. मागवण्याआधी आतल्या नळ्या मोजून कळवायला हव्यात, एक धड नळी टोकापासून बुडापर्यंत मापूनही. तू स्वतः आत उतरू नकोस. कोणा तरुण माणसाला उतरव. आधी विजेचा फ्यूज काढून खिशात ठेव.

पूर्ण संच मेलबर्नहून यायला वेळ लागतो. दुकानात दुरुस्तीचा छोटा संच पडून असतो, चार-दोन नळ्या आणि एक रबर. त्याच्या नादी लागू नकोस. पूर्ण संचच मागवू. आणि तू हंगाम सुरू करून देऊनच निघ, शांतपणे. नाताळ होऊन जाऊ दे. नंतर आलास तरी काय बिघडतं?

रंग अजून वाळायचाय.

डोरीन


वुलकारा
२४ ऑक्टोबर

प्रिय डोरीन,

तू म्हणाली होतीस, स्वतः उतरू नकोस. मी उतरलो. आता काय झालं ते सगळं क्रमाने लिहितो. 

आज कामाचा रविवार होता, आणि दुपारी तिथेच हिरवळीवर वार्षिक सभा. मी ठरवलं, लोक यायच्या आत नळ्या मोजून घ्यायच्या, म्हणजे सभेत सांगता येईल की फिल्टरचं सगळं ठरलंय, आणि मी जातोय. कोणाला उतरवणार? तरुण म्हणजे सगळे पेरणीचं कर्ज आणि पाठदुखी घेऊन बसलेले. आठवडाभर मी वाळू थोडी थोडी बादलीने वर काढलीच होती. फ्यूज काढून खिशात घातला, दोनदा चाचपला. वरच्या भोकातून बादली आत टाकली, पालथी केली, तिच्यावर पाय ठेवून उतरलो. खांदे जेमतेम गेले.

नळ्या मोजल्या. सुतळीला गाठ मारून लांबी घेतली. अर्ध्याहून जास्त मोडल्या होत्या. मग वर यायला बादलीवर पाय ठेवला आणि ती कचकन फुटली. जुनं प्लास्टिक. हात वर केले तर भोकाच्या कडेपर्यंत बोटं पोचत होती, पण अंग उचलण्याइतका जोर हातांत नाही. पूर्वी एका हाताने गव्हाची पोती चढवायचो. आता स्वतःला चढवता येईना.

तेवढ्यात गाड्या आल्या. लोक लवकर आले होते. ऊन चढायच्या आत सभा उरकून मग काम करायचं, असं कोणीतरी ठरवलेलं. मी हाक मारणारच होतो. पण मर्व्हचा आवाज आला, अगदी टाकीला खेटून, सावलीला खुर्ची टाकून बसला असणार. "विल्फ कुठाय?" म्हणाला. कोणी म्हणालं, दिसत नाही. तो म्हणाला, "नाही ना? मग झालं. राखणदार विल्फच. लिही, नोलीन."

सगळे हसले. आत ते हसू घुमत होतं. मला वाटलं, आता हाक मारली तर डोकं वर काढून मी काय बोलणार, की मी हजर आहे? मग नोलीन म्हणाली, त्याला एकदा विचारा तरी. आणि मर्व्ह बोलला ते मी जसंच्या तसं लिहितो. "काय विचारायचं? गेल्या उन्हाळ्यात पोहायला पोरं किती होती? शेजारच्या नोरा गावातल्या नव्या तलावाला शाळेची बस जाते. आपण हा चालवतोय तो विल्फसाठी. उद्या बंद केला तर तो म्हातारा करेल काय? जाईल कुठे? थेलनंतर त्याला एवढंच तर उरलंय."

कोणी नाही म्हणालं नाही. एक बाई म्हणाली, तलावाच्या खर्चासाठी दर वर्षी केक भाजून भाजून तिचे हात दुखतात, पण विल्फकडे बघितलं की बोलवत नाही. कोणीतरी म्हणालं, अजून थोडीच वर्षं. ते माझ्या वयाबद्दल होतं.

डोरीन, मी टाकीच्या भिंतीला पाठ लावून खाली बसलो. तुटक्या नळ्यांवर. इतकी वर्षं मला वाटत होतं की या लोकांनी मला धरून ठेवलंय. आणि ते बाहेर बसून मीच त्यांना धरून ठेवलंय म्हणत होते. आता तर हाक मारणं अशक्यच झालं. मी ऐकलं हे त्यांना कळलं असतं, आणि मग कोणाचं तोंड कोणाला दाखवण्यासारखं राहिलं नसतं. म्हणून गप्प बसलो. सभा झाली. कामही झालं. टाकीवर ब्रश फिरत होता तो आतून ऐकू येत होता. कोणता रंग ते कळलं नाही. झाकण उघडं कसं कोणी पाहिलं नाही, देव जाणे. मी श्वास मोजून घेत होतो. त्या ओल्या वाळूच्या वासाने आणि गरमीने जानेवारीतली चक्कर आठवली, आणि वाटलं, इथेच पडलो तर कोणी झाकण लावून मोकळं होईल.

सगळे गेल्यावर मी हाताने टाकी वाजवायला सुरुवात केली. नोलीन चहाची किटली न्यायला परत आली होती.

"कोण आहे?" म्हणाली.

"मी. विल्फ."

"कुठे आहेस?"

"फिल्टरमध्ये."

मग तिने विचारलं, "कधीपासून?"

मी म्हणालो, "तुम्ही यायच्या आधीपासून."

टाकीशेजारची खुर्ची करकरली. ती बसली असणार. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं तिला. म्हणून बोलता आलं.

"विल्फ, खरं सांग. तुला हा तलाव हवाय?"

"नको," मी म्हणालो. "मला ॲडलेडला जायचंय. थेलच्या बहिणीकडे. तुमच्यासाठी थांबलो होतो."

मग ती हसायला लागली. किती वेळ हसली. मधेच ते रडणं झालं असावं, कारण नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग तिने घडीची खुर्ची भोकातून आत सोडली आणि मला काखांत धरून वर ओढलं. बाई मजबूत आहे. माझ्या पाठीची सालं निघाली, पण निघालो.

तिने मर्व्हला बोलावून आणलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला, जमिनीकडे बघत. शेवटी म्हणाला, मग ती वाळू मी परत नेऊ का? एवढंच बोलला, आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ हलवत राहिला.

तर झालं. तलाव यंदा उघडणार नाही. किल्ली मी नोलीनच्या हातात दिली. घर नोव्हेंबरअखेरीला नगरपालिकेला परत द्यायचं. कोणी शिक्षक येणार आहेत राहायला. नळ्या मागवू नकोस. बस गुरुवारी असते. मी दुसऱ्या गुरुवारच्या बसने निघेन म्हणतो. खोलीचा रंग वाळला नसला तरी हरकत नाही, खिडकी उघडी ठेवून झोपेन.

इतका हलका मी थेल गेल्यापासून झालो नव्हतो.

तुझा
विल्फ


सेमाफोर
३० ऑक्टोबर

प्रिय विल्फ,

तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, आणि मग खुर्ची ओढून बसले.

रंगकाम वगैरे काही नव्हतं. खोलीत रॉबिन आहे. ऑगस्टपासून. नवऱ्याचं घर सोडून माझी लेक दोन्ही पोरांना घेऊन एका संध्याकाळी दारात उभी राहिली. तुला बोलावून मला जेमतेम महिना झाला होता. पोरं जमिनीवर गाद्या घालून झोपतात. मी बैठकीच्या खोलीत, कोचावर. तुला लिहायला बसले की वाटायचं, थेलच्या नवऱ्याला ये म्हणायचं आणि मग नको म्हणायचं, हे कोणत्या तोंडाने लिहू? त्यात तुझं 'मला यायचं आहे' आलं. मग मला तुझा फिल्टर सापडला.

ते छोट्या संचाचं ऐक. चार-दोन नळ्या बदलून, जुनी वाळू चाळून परत घातली असती तर तुझा हंगाम निघाला असता. तो संच मी इथून टपालाने पाठवू शकत होते. तुला सगळं नवं घ्यायला सांगितलं, ते टाकीसाठी नव्हतं. मेलबर्नचा माल यायला वेळ लागतो, एवढंच मला हवं होतं. तेवढ्यात रॉबिनची काही सोय होईल, असं वाटत होतं. झाली नाही. तू टाकीत उतरलास तो मी मोजायला सांगितलं म्हणून. हे काल रात्रीपासून डोक्यातून जात नाही.

रॉबिनला मी तुझ्या येण्याबद्दल बोललेले नाही. सांगितलं तर ती पोरांना घेऊन परत त्याच्याकडे जाईल, अशी मला भीती आहे. ती तशीच आहे, आपला भार कोणावर नको म्हणणारी. आपल्याच घरातली.

नोलीनला सांगून किल्ली परत घेता येईल का? निदान घर? मला काय लिहावं ते कळत नाही, विल्फ.

डोरीन


वुलकारा
५ नोव्हेंबर

प्रिय डोरीन,

यावेळी उशीर केला नाही. तुझं पत्र नोलीनच्या दुकानात उभ्याने वाचलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवला. त्या दिवशी तुझा राग आला होता. बाहेर जाऊन रिकाम्या तलावाच्या कडेला बसलो आणि मोठ्याने बरंच काही बोललो, तुला ऐकवण्यासारखं नाही. इथले गुलाबी काकाकुवे उडून गेले.

मग रात्री जेवताना वाटलं, मला तरी छोटा संच हवा होता का? तू एकदा त्याचं नाव काढलं होतंस. मी विचारलंही नाही की तो का नको. पूर्ण संच, नवी वाळू, नवा व्हॉल्व्ह, हे वाचून मला आतून बरंच वाटलं होतं. इतकं काम म्हणजे इतक्यात निघायला नको. जायचं असतं आणि जाववत नाही, त्याला मोठी दुरुस्ती फार सोयीची पडते. तेव्हा तू एकटीच खोटं बोललीस, असं मनात ठेवू नकोस.

किल्ली परत मागणार नाही. मागितली तर मिळेल, तीच भीती आहे. मर्व्ह आनंदाने तयार होईल, बायका केक भाजायला घेतील, सगळे पुन्हा माझ्यासाठी म्हणून राबतील आणि मी त्यांच्यासाठी म्हणून. गेले काही दिवस गाव कसं मोकळं बोलतंय बघ. ती केकवाली बाई काल रस्त्यात भेटली, म्हणाली, विल्फ, यंदा मी शनिवारी दुपारी झोपणार आहे. असं म्हणून माझ्या खांद्यावर थाप मारली. तिचं ते झोपणं मी मोडणार नाही.

पण महिनाअखेरीला या घरातून बाहेर पडायचंय, हेही खरं. नोलीन म्हणाली, दुकानामागे साठवणीची खोली आहे, तिथे राहा. राहता येईल. नोलीन चांगली आहे. मात्र ते वाक्य ऐकलं आणि मला टाकीत बसल्यासारखं झालं. मी तिथे राहीन, ती मला जेवण आणून देईल, आणि आम्ही दोघं एकमेकांना कधीच विचारणार नाही की हे हवंय का.

म्हणून मी तुला विचारतो. रॉबिनला माझ्याबद्दल सांग. आजच, पोरं झोपल्यावर नव्हे, जेवताना, सगळ्यांसमोर. सांग की मावशीचा नवरा आहे, थोडं कमी ऐकू येतं, घोरतो. खोली तिचीच राहू दे. मला खोली नको. मागच्या ओसरीवर जाळी लावून खाट टाकता आली तर पुरे, आणि तीही नसेल तर तुमच्या गल्लीत कुठे भाड्याने मिळेल ते शोधीन. पण ती म्हणाली की नको, परका माणूस घरात नको, मी नुकती एकापासून सुटलेय, तर तेही मला समजेल. आपला भार नको म्हणून ती परत जाईल, असं तू धरून चाललीस. तसंच मर्व्हने माझ्याबद्दल धरलं होतं, की मला तलावाशिवाय काही नाही. विचारून बघ.

दोनातलं एक लिही. ये, किंवा येऊ नकोस. दोन्ही मी सहन करीन. फक्त रंग वाळायचाय, नाताळनंतर बघू, असलं मधलं काही लिहू नकोस. मला ते आता वाचता येणार नाही.

कालची बस मी सोडली, येत्या गुरुवारचीही सोडून देतोय. त्याच्या पुढच्या गुरुवारी थांब्यावर पेटी घेऊन उभा असेन, आणि बस आली की चढायचं का नाही, हे मला तोवर कळायला हवं. टपाल इथे बुधवारी येतं. दोन शब्द असले तरी चालतील, पण लवकर टाक, डोरीन.

तुझा
विल्फ